खालिदचं वाक्य पुरं होईपर्यंत



कवीला रेडिओवर बोलावलं की विषय बहुधा ठरलेले असतात. श्रावण, ईद, गावाकडच्या आठवणी, फार तर पुस्तकं. आज मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळाविषयी बोलणार आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसानं हा विषय घ्यावा याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. मलाही आधी आलं होतं.

२०२० च्या टाळेबंदीत माझा मुलगा पुण्याहून घरी आला. त्याचं ऑफिस लॅपटॉपवर चालू होतं, माझं मात्र सगळंच बंद. कविसंमेलनं नाहीत, मुशायरे नाहीत, चौकातला चहासुद्धा नाही. दोनतीन आठवड्यांत मी घरभर येरझारा घालून सगळ्यांना वैताग आणला. शेवटी मुलानं त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, ‘‘अब्बा, तुम्हाला गोष्टी आवडतात ना? मग ही एक गोष्ट खेळून बघा.’’

खेळाचं नाव ‘बाल्डर्स गेट’. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर या कंपनीनं तो १९९८ साली काढला. गंमत म्हणजे ही कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी काही जण पेशानं डॉक्टर होते. तेव्हा हा खेळ पाच सीडींवर मिळायचा. मी खेळलो ती २०१२ साली आलेली सुधारित आवृत्ती. खेळाचं मूळ मात्र आणखी जुनं आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा बैठा खेळ काढला. चारपाच मित्र टेबलाभोवती बसायचे. एक जण गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे आणि तलवारीचा वार लागला की हुकला हे फाशांवर ठरायचं. ‘बाल्डर्स गेट’मध्ये फासे कॉम्प्युटर टाकतो, आणि मित्रही तोच पुरवतो.

गोष्टीची सुरुवात होते कँडलकीप नावाच्या तटबंदीतल्या ग्रंथालयात. गोरायन या वृद्ध जादूगारानं वाढवलेलं पोरकं मूल म्हणजे आपण. एका रात्री तो आपल्याला घेऊन घाईघाईनं निघतो आणि वाटेतच मारला जातो. त्यानं एवढंच सांगून ठेवलेलं असतं की, चुकामूक झालीच तर फ्रेंडली आर्म नावाच्या सराईत जा. तिथं माझे दोन मित्र भेटतील, खालिद आणि जाहिरा.

खालिद! मी खुर्चीत सरसावून बसलो. बुटके, राक्षस, लांब कानांचे एल्फ अशा सगळ्या विलायती मेळ्यात एकदम आपल्या मोहल्ल्यातलं नाव. जत्रेत ओळखीचं माणूस दिसावं तसं झालं. पुढं कळलं की हा खालिद कॅलिमशान नावाच्या दक्षिणेकडच्या उष्ण देशातला, एका व्यापाऱ्याचा मुलगा. अर्धा माणूस, अर्धा एल्फ. जाहिरा ही त्याची बायको.

या खेळात आपण धरून तुकडीत सहाच जण मावतात आणि वाटेत भेटणारे सोबती आहेत पंचवीसहून जास्त. म्हणजे निवड आलीच. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मिन्स्क नावाचा एक धिप्पाड योद्धा आहे, डोक्याला मार बसल्यामुळे थोडा भ्रमिष्ट. त्याच्याजवळ बू नावाचा हॅमस्टर असतो. हॅमस्टर म्हणजे उंदरासारखा छोटा प्राणी. पण हा अंतराळातल्या महाकाय जातीचा आहे असं मिन्स्क ठासून सांगतो. त्याची सोबतीण डायनाहेर कैदेत आहे. तिला सोडवायला आपण उशीर केला तर त्याचा संयम सुटतो. उलट एडविन नावाचा जादूगार भेटतो, तो तिला ठार मारा म्हणून गळ घालतो. आता या दोघांना एका पंगतीला बसवून दाखवा!

आपल्या वागण्याचेही गुण मोजले जातात. फार बदनामी झाली तर सज्जन सोबती सोडून जातात, हे कळण्यासारखं आहे. पण फार नाव झालं तर दुर्जन सोबतीही सोडून जातात. आपला चांगुलपणा त्यांना सोसवत नाही. संस्थांच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

तर मी सराईत पोहोचलो. खालिद पुढं आला, बोलू लागला आणि अडखळला. तो तोतरा आहे. पडद्यावर उमटणाऱ्या त्याच्या वाक्यांतसुद्धा पहिलं अक्षर दोनदोनदा येतं. ते पाहून माझ्या पोटात काहीतरी हललं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. पुढं गेलो.

लढाईत तो माझ्या हातून नीट वापरला जाईना. या खेळात आपल्या माणसांच्या पायाखाली हिरवं वर्तुळ असतं. कुणी घाबरला की ते पिवळं होतं आणि तो माणूस आपलं ऐकेनासा होऊन पळत सुटतो. भीती कुणालाही वाटू शकते. पण मला पळताना दिसायचा तो खालिदच. मुलगा मागून जाताना म्हणाला, ‘‘अब्बा, याला काढून टाका. पुढं याच्यापेक्षा चांगले लढवय्ये मिळतात.’’

मी काढलं. लगेच जाहिराही निघाली. नवरा-बायको आहेत ती, एकाला काढलं तर दुसरं राहत नाही. आणि जाहिरा तर मला हवी होती. ती लढते, जखमाही बऱ्या करते. यावर मुलानं खेळणाऱ्यांना ठाऊक असलेली एक युक्ती सांगितली. खालिदला एकट्याला एखाद्या बलदंड शत्रूपुढं पाठवायचं. तो मेला की त्याला वगळायचं. मग बायको तुकडीत राहते.

श्रोतेहो, मी ते केलं. एका राक्षसापुढं त्याला एकट्याला पाठवलं आणि बाकीच्यांना मागं उभं ठेवलं. फार वेळ लागला नाही. कडेला सगळ्या सोबत्यांची चित्रं असतात, त्यातलं त्याचं चित्र करडं पडलं. जाहिरा राहिली. हिशेबानं सगळं बरोबर झालं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण आता सांगतो. माझ्या मुलालाही ते तोवर ठाऊक नव्हतं. लहानपणी मी तोतरा होतो. ‘क’पाशी माझी जीभ हमखास अडायची, आणि पुढं व्हायचं होतं काय, तर कवी! वर्गातली मुलं मला ‘ततपप’ म्हणूनच हाक मारायची. खेळायला संघ पाडताना शेवटी मी उरायचो, जणू तोतऱ्याला धावताही येत नाही. धडा वाचायची पाळी माझ्यावर आली की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू व्हायची. आमचे मराठीचे सर तेव्हा पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहायचे. माझा शब्द त्यांनी कधी पुरा केला नाही, की ‘बस खाली’ म्हटलं नाही. माझं वाक्य पुरं होईपर्यंत ते नुसते थांबायचे. माझी मराठी त्या थांबण्यातून आली असं मी मानतो. बी.ए. होईतो अडखळणं बरंचसं गेलं. थकल्यावर अजूनही येतं. आणि अशा माणसानं, दुसरा एक तोतरा आपल्या सोयीसाठी मरायला पुढं पाठवला होता. खोट्या जगात का असेना.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी आदला जतन केलेला डाव उघडला. खालिद जिवंत. या वेळी त्याच्या माहितीचं पान नीट वाचलं. प्रत्येक गुणापुढे आकडा असतो. त्याच्या चिवटपणापुढे होते सतरा. साध्या माणसाला अठराच्या वर जाता येत नाही, तिथं सतरा! मी त्याला चांगलं चिलखत घेतलं, ढाल दिली आणि कुणीतरी कायम त्याच्या शेजारी उभं राहील असं बघितलं. दोन आठवड्यांनी माझ्या तुकडीत सगळ्यात जास्त घाव झेलून उभा राहणारा तोच होता. त्याच्यात उणं काही नव्हतं. मीच त्याला एकटं टाकत होतो.

मुलानं विचारलं, ‘‘अब्बा, ठेवलंत याला?’’ तेव्हा मी त्याला ‘ततपप’ची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘मला का नाही सांगितलंत कधी?’’ याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तो स्टूल ओढून शेजारी बसला. पुढचा खेळ आम्ही दोघांनी मिळून संपवला.

मग दुसरा भाग सुरू केला. तो मूळचा २००० सालचा. सुरुवातीलाच आपण इरेनिकस नावाच्या क्रूर जादूगाराच्या तळघरात कैद असतो. शेजारच्या पिंजऱ्यांत मिन्स्क आणि जाहिरा. त्यांना सोडवून पुढं जावं, तर खालिदचं प्रेत सापडतं, छळ करून विटंबना केलेलं. मुलाला हे माहीत होतं. तो आधीच उठून पाणी प्यायला गेला होता.

या खेळात मेलेल्या सोबत्याला देवळात सोनं देऊन पुन्हा उठवता येतं. खालिदला नाही. जुना डाव कितीदाही उघडा, उपयोग नाही. पहिल्या भागात त्याला जिवापाड जपा नाहीतर हाकलून द्या, दुसऱ्या भागात तो मेलेलाच असतो. लिहिणाऱ्यांनी तसं लिहून ठेवलंय. अरबीत ‘खालिद’चा अर्थ आहे चिरंतन, कायम राहणारा. त्यांना हा अर्थ ठाऊक होता का, कोण जाणे.

२०२३ मध्ये तिसरा भाग आला, बेल्जियममधल्या लॅरियन या कंपनीनं केलेला. त्यातली गोष्ट शंभरावर वर्षांनंतरची आहे. त्यात जाहिरा आहे, केस पिकलेली. मिन्स्क आहे, त्याचा बूसुद्धा आहे. मुलगा तो खेळतो. मला अजून पहिलाच पुरतो.

लोक मला विचारतात, या वयात खेळातून काय मिळतं? मी उपदेश करणार नाही. एवढंच सांगतो की, उपयोगाच्या मापानं माणसं निवडायला निघालो तर एकाबरोबर दुसरं जातं आणि शेवटी आपण एकटे उरतो. आणि जुना डाव पुन्हा उघडण्याची सोय खेळात आहे, बाहेर नाही. आमचे सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

या ध्वनिमुद्रणापूर्वी मला स्टुडिओत सांगितलं गेलं, ‘‘अडखळलात तर काळजी करू नका, तेवढं काढून टाकू.’’ मी म्हटलं, एखादं राहिलं तरी चालेल.

पहिला भाग मी आता तिसऱ्यांदा खेळतोय. कालच सराईत पोहोचलो. खालिद पुढं आला आणि बोलू लागला. पुढचं बटण दाबलं की संवाद लवकर उरकता येतो. मी दाबत नाही. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो.