खोकताना, शिंकताना…

हा विषय घ्यावा की नाही, याचा मी बराच विचार केला. सकाळी रेडिओ लागलेला असतो तेव्हा घरात सासूबाई असतात, मुलं असतात, घरातले पुरुषही असतात. पण वाटलं, जी गोष्ट बाई डॉक्टरांपुढेही काढत नाही, ती निदान रेडिओने तरी काढावी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई कंबरदुखीसाठी आल्या. तपासून झालं, व्यायाम सांगून झाले. चपला घालून त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. "ताई, एक विचारू का?" धाकटा मुलगा सात वर्षांचा होता. त्याच्या जन्मापासून खोकलं, शिंकलं, जोरात हसलं की त्यांना थोडी लघवी होत असे. एसटीचा प्रवास असला की त्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडत. मंगळागौरीला कोणी फुगडीसाठी हात धरला तर पाय मुरगळलाय म्हणत. आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "बाईच्या जातीला हे चालायचंच."

मला हे नवं नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर चार महिने माझंही हेच चाललं होतं. स्नायूंचं शास्त्र शिकलेली मी, पण नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. घरी सोडताना बाळाच्या लशींचा तक्ता मिळाला, टाक्यांची काळजी समजावली; या स्नायूंबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

हे स्नायू म्हणजे एक झोळी समजा. पुढे जांघांच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिचा आधार. गरोदरपणात तिच्यावर ओझं वाढत जातं, आणि बाळ बाहेर येताना ती कितीतरी पट ताणली जाते. सिझेरियन झालेल्या बायकांना हा त्रास कमी होतो, पण होतच नाही असं नाही. झोळी सैल राहिली की लघवी सुटते, काहींना वारा किंवा शौच आवरत नाही, काहींचं पुढे अंग बाहेर येतं.

आपल्याकडे बाळंतिणीचे लाड कमी नसतात. शेक, धुरी, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा. पट्टा पोटाला आधार देतो. झोळीला बळ मात्र देत नाही. ते व्यायामानेच येतं. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगेलचं नाव आहे. फ्रान्समध्ये तर बाळंतपणानंतर तो शिकवण्याचा खर्च सरकारी विमा उचलतो.

आता कृती. उताणं झोपा, गुडघे वाकवा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो, ते आवळा. मग लघवी थांबवतो तसं पुढचंही, आणि सगळं आत, वर ओढा. पाच आकडे मोजा, सोडा. तितकाच वेळ विश्रांती. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जा, आणि शेवटी आठ-दहा वेळा झटपट आवळून सोडा. सोडणंही पूर्ण हवं, ते बायका विसरतात. पुढे हे बसून, उभ्याने, बाळाला पाजतानाही जमतं. साधं बाळंतपण असेल तर दुखणं सोसवेल तसं थोड्या दिवसांतच सुरू करता येतं. लघवीची नळी असेल तर ती निघाल्यावर.

चुका ठरलेल्या असतात. श्वास कोंडायचा, मांड्या आणि कुल्ले आवळायचे, किंवा वर ओढण्याऐवजी शौचाला बसल्यासारखं खाली ढकलायचं. ही शेवटची चूक वाईट, त्याने झोळी आणखी ताणली जाते. रोज लघवी करताना मधेच अडवून सराव करू नका. पाणी तोडू नका. घट्ट लघवीने जळजळ वाढते आणि बद्धकोष्ठही होतं. बद्धकोष्ठ म्हणजे पुन्हा कुंथणं आलं. आणि खोकला येतोय असं वाटलं किंवा हंडा उचलायचा असला, की आधी आवळा, मग खोका, मग उचला.

किमान तीन महिने धीर धरावा लागतो. आठ दिवसांत सोडून देऊन "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्या मला पुष्कळ भेटतात. काही जणींचे स्नायू सैल नसून उलट आखडलेले असतात, शरीरसंबंधात दुखतं. त्यांनी आपल्या मनाने आवळत बसू नये, आधी तपासून घ्यावं. लघवीत रक्त, लघवी अडकणं, शौच न आवरणं, योनीत गोळा जाणवणं, यासाठी मात्र डॉक्टरांकडे जायचंच.

त्या बाईंना फरक पडायला तीन महिन्यांहून थोडा जास्त काळ लागला. त्यांनी विचारलं, "साठीच्या पुढे चालतं का हे?" म्हटलं, चालतं. पुढच्या आठवड्यात त्या आईला घेऊन आल्या. आजी खुर्चीत टेकल्या, लेकीला म्हणाल्या, "तू बाहेर बस जरा," आणि दार लागल्यावर मला म्हणाल्या, "हिच्या जन्मापासून आहे."