घोडा, चिखल आणि एक मुलगी



घोडेस्वारीची एक तिहेरी कसोटी ऑलिम्पिकमध्ये असते. आधी आखीव रिंगणात शिस्तीच्या चाली, मग चर, ओढे, ओंडके ओलांडीत रानातली भरधाव दौड, आणि शेवटी मैदानातील अडथळ्यांवरून उड्या. मूळची ही लष्करी अधिकाऱ्यांची परीक्षा. १९१२ साली ती ऑलिम्पिकमध्ये आली. स्त्रियांना मात्र त्यानंतर बावन्न वर्षे मज्जाव होता. आपल्या अहमदनगरच्या चांदबीबीला घोड्यावर दाखविणारी जुनी चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे हसू येईल!

१९६४ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ही बंदी उठली. लाना ड्यू पाँट ही हौशी अमेरिकन स्वार 'मिस्टर विस्टर' या आपल्या घोड्यासह उतरली. दौडीच्या दिवशी पावसाने चिखल झाला होता. तिसऱ्याच अडथळ्यावर दोघे कोसळले. घोड्याच्या जबड्याची हाडे मोडली. ती उठली, पुन्हा स्वार झाली. शेवटाजवळ आणखी एकदा पडली, तरीही दौड पुरी केली.

मुक्या जनावराला तसे पळविणे मला रुचत नाही. आजच्या नियमाने पहिल्या पडण्यालाच स्पर्धा संपते, हे योग्यच झाले. पण 'मुलीच्या जातीला हे झेपायचे नाही' असे म्हणून जे पालक मुलीला शाळेच्या मैदानावरही जाऊ देत नाहीत, त्यांनी तिचे ते दुसऱ्यांदा उठणे आठवावे.

संघात चौघे होते, गुण तिघांचेच धरले गेले. तिचे त्यांत नव्हते. रौप्यपदक मात्र चौघांनाही मिळाले. या प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळविणारी ती पहिली स्त्री.