औषधातील स्फटिकरूपांची मोजदाद



विषमज्वराने अंथरूण धरलेल्या लहान मुलास क्लोरॅम्फेनिकॉल पाजणे किती कष्टाचे काम असे, हे येथील ज्येष्ठांपैकी काहींना आठवत असेल. ते कडू औषध मुलांच्या घशाखाली उतरेना, म्हणून रसायनज्ञांनी त्यास पामिटिक आम्लाची जोड देऊन एक बेचव संयुग सिद्ध केले, आणि आतड्यातील विकरांनी ही जोड तोडून मूळ औषध रक्तात जाण्यास मोकळे करावे अशी तजवीज केली. परंतु या पामिटेटचे स्फटिक एकाहून अधिक प्रकारांनी रचले जातात, आणि त्यांपैकी ‘ए’ नावाची, सर्वांत स्थिर अशी रचना इतकी सावकाश विरघळते की विकरांचे तिच्यापुढे फारसे काही चालत नाही. ‘बी’ या दुसऱ्या रचनेचे प्रमाण वाढवावे तसतशी रक्तातील औषधाची पातळी चढत जाते, हे अ‍ॅग्विआर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिले. रासायनिक पृथक्करणाच्या दाखल्यात ‘ए’ची आणि ‘बी’ची अशा दोन्ही बाटल्या सारख्याच शुद्ध ठराव्यात आणि गुण मात्र एकीनेच यावा, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

हा भेद ओळखण्याचा मार्ग रेणूंच्या कंपनांतून जातो. रेणू तोच असला, तरी स्फटिकातील त्याचे शेजारी बदलले म्हणजे त्याच्या बंधांची कंपने किंचित सरकतात. अवरक्त किरणांच्या शोषणात हे सरकणे दिसते, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात रामन यांनी कृष्णन यांच्या साहाय्याने ज्याचा शोध लावला, त्या प्रकीर्णनातही दिसते. औषधसंहितेने पामिटेटच्या द्रव औषधात ‘ए’ रचनेस १० टक्क्यांची मर्यादा घातली, ती अवरक्त वर्णपटाच्याच भरवशावर.

मात्र वर्णपटातील शिखरांची उंची म्हणजे आयते प्रमाण नव्हे. दोन्ही रचना ज्ञात प्रमाणात मिसळून, त्या मिश्रणांच्या वर्णपटांवरून आधी मोजपट्टी तयार करावी लागते, आणि माझ्या मते या शास्त्रातील खरी जोखीम तेथेच आहे, उपकरणात नाही. कणांचा आकार बदलला की शिखरे बदलतात. रामनपद्धतीत लेसरचा किरण भुकटीच्या अगदी सूक्ष्म भागावर पडत असल्यामुळे मिश्रण एकजीव नसेल, तर उत्तर भलतेच येते. आणि एकजीव करण्यासाठी खल करावा, तर घोटण्यानेच ‘बी’चे रूपांतर ‘ए’मध्ये होऊ लागते. ज्यास मोजावयाचे त्यासच मोजण्याच्या भरात बदलून टाकावे, अशी ही अडचण! रामनपद्धतीत निदान नमुना मांडण्यासाठी घोटण्याची गरज नाही, काचेच्या कुपीतूनही नमुना तपासता येतो, आणि पाण्याचे प्रकीर्णन क्षीण असल्यामुळे ओल्या लगद्यातील स्फटिकांची घडामोड ती होत असतानाच पाहता येते.

मात्र कोणतीही मोजपट्टी ज्ञात रचनांपुरतीच चालते. रिटोनाविर हे एड्सवरील औषध १९९६ साली बाजारात आले. १९९८ मध्ये त्याची पूर्वी कोणास ठाऊक नसलेली, कमी विद्राव्य अशी रचना कारखान्यात अकस्मात प्रकट झाली आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. अशा अज्ञात रचनेची मोजपट्टी अगोदर कोठून असणार? म्हणून टक्केवारीचा आकडा नियमात बसला तरी तपासनिसाने संपूर्ण वर्णपट डोळ्यांखालून घालावा, आणि ज्ञात रचनांच्या बेरजेत न बसणारे लहानसे शिखर आढळल्यास त्याचा उलगडा होईपर्यंत त्या मालास मंजुरी देऊ नये, असा माझा आग्रह आहे.