घरच्या संगणकाचा राखणदार



बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा आज आम्ही संगणकाच्या विषाणूंवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही, ते पाळी संपल्यावर वाचनालयात मिळवलेले. म्हणून पांडित्य सांगणार नाही. आमची एक चूक सांगणार आहोत.

आमच्या घरच्या संगणकात एका बंद कारखान्यातील एकोणीस कामगारांच्या ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद होते. पगाराच्या चिठ्ठ्या, नेमणुकीची पत्रे, सारे स्कॅन करून ठेवलेले. या संगणकाला अँटिव्हायरस हवा असे ठरले. वर्गणी वाचावी म्हणून ओळखीच्या एका मुलाने कुठूनशी कुलूप तोडलेली प्रत आणली. ती बसवताना तो म्हणाला, "काका, आधी विंडोजचे संरक्षण बंद करावे लागेल." आम्ही बंद करू दिले! आठवड्याच्या आत एका सकाळी एकही कागद उघडेना आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी झळकली. राखणदार म्हणून ज्याला घरात घेतला, तोच दरोडेखोर निघाला.

खंडणी आम्ही दिली नाही. दारोदार हिंडून कागद पुन्हा गोळा केले. अठरा जणांचे मिळाले. एकोणिसावा कामगार वारला होता, आणि त्याच्या पत्नीच्या घरातले मूळ कागद पावसात गेले होते. ती बाई आम्हांला एका शब्दानेही बोलली नाही. ती रागावली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर आम्ही हा विषय मुळापासून समजून घेतला. अँटिव्हायरस करतो काय? पोलीस ठाण्यात सराईत चोरांची छायाचित्रे लावलेली असतात, तशी घातक प्रोग्रामांच्या खुणांची यादी त्याच्यापाशी असते. शिवाय एखादा अनोळखी प्रोग्राम भराभर साऱ्या फायली बदलू लागला, तर त्या वागण्यावरूनही तो संशय घेतो. यादी रोज ताजी झाली नाही, तर नवा चोर त्याच्या समोरून निघून जातो. मुदत संपलेला अँटिव्हायरस हा झोपलेला पहारेकरीच होय.

मग निवडावा कोणता? पहिली गोष्ट अशी की विंडोज 10 आणि 11 यांत मायक्रोसॉफ्ट डिफेंडर नावाचा राखणदार मुळातच बसवलेला आहे आणि त्याला वेगळा पैसा पडत नाही. साध्या घरगुती कामाला तो पुरतो, असे आमचे मत आहे. मात्र भिंत पडकी असेल तर राखणदाराने करावे काय? मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामाने जगभर धुमाकूळ घातला. ज्या भगदाडातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच काढली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते बुडाले. विंडोज 10 च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या, हे तो वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट आम्हां कामगारांच्या चांगल्या परिचयाची आहे. राखणदाराचा पगार कोण देतो, ते आधी विचारा! अवास्ट या कंपनीचा मोफत अँटिव्हायरस घरोघरी होता. आपले ग्राहक इंटरनेटवर काय काय पाहतात, ही माहिती तिने आपल्या दुसऱ्या एका कंपनीमार्फत विकली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. 2024 मध्ये तिला 1 कोटी 65 लक्ष डॉलर भरावे लागले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यास मनाई झाली. फुकटाचा हिशेब कुठे ना कुठे लिहिलेला असतोच.

वर्गणी देऊन घ्यायचा असेल, तर आपल्या पुण्याच्या क्विक हीलपासून परदेशी कंपन्यांपर्यंत पुष्कळ आहेत. जाहिरात पाहू नका, परीक्षेचा निकाल पाहा. जर्मनीतील माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, संगणकाच्या वेगावर पडणारा भार आणि वापरातील सुलभता या तीन बाबींना प्रत्येकी सहा गुण ठेवते. सुलभता म्हणजे मुख्यतः खोटी ओरड किती करतो ते. कारण सज्जनालाही चोर म्हणणाऱ्या पहारेकऱ्याला कंटाळून माणूस त्याला घरी पाठवतो. आणि राखणदार एकच ठेवा. दोघे एकाच दारावर उभे केले की एकमेकांच्याच वाटेत येतात. नव्या संगणकाबरोबर आलेल्या नमुन्याची मुदत संपली, तर तो काढून टाका आणि डिफेंडर पुन्हा चालू झाला की नाही, ते विंडोज सिक्युरिटीत पाहा.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, आणि काम झाले की ती डिस्क सोडवून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर तीही कुलूपबंद करतो. वाचलेली वर्गणी अशा डिस्कवर खर्च करा.

त्या बाईचा दावा अखेर जुन्या सोबत्यांच्या साक्षींवर मंजूर झाला. पण दोन वर्षे उशिरा. ती दोन वर्षे तिने शिलाईवर काढली. चोरीचा राखणदार आम्हांला फुकट पडला होता, बंधुभगिनींनो. त्याची किंमत तिने दिली. आपल्या संगणकातही दुसऱ्या कोणाचे काही ठेवलेले असेल. आज घरी गेल्यावर तेवढे एकदा पाहा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.