पाहुणे नाताळचे, सामान घरचं

हातातलं काम सोडू नका. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल, आजचा विषय चुलीचाच आहे.

नाताळ तीन दिवसांवर आला. आपल्याकडे बहुतेक घरांत नाताळ म्हणजे शाळेची सुट्टी. मुंबई-ठाण्याहून नणंद येते, धाकटे दीर-जाऊ येतात, त्यांची पोरं येतात. एक दिवस रायगडावर जातात, एक दिवस नदीवर. चार-पाच दिवस घर भरलेलं असतं आणि ते आपल्याला आवडतंही. आवडत नाही ते नंतरचं. सुट्टी संपते, पाहुणे जातात आणि दुकानदाराच्या वहीत आपल्या नावाखाली ओळी वाढलेल्या असतात. तेल, साखर, मैदा, बिस्किटं, दोनदा कोंबडी, शहरातून मागवलेला केक. त्याच महिन्यात गटाचा हप्ता असतो.

डिसेंबरात आपला हात सैल होतो, त्यालाही कारण आहे. भात झोडून झालेलं असतं, कणगीत नवं धान्य असतं, थोडं विकून हातात पैसेही आलेले असतात. वर्षात एवढी श्रीमंती पुन्हा येत नाही. पण हेच भात आपल्याला आषाढात लागायचं असतं. डिसेंबरात दोन पायल्या विकून केक-कोंबडी आणली, तर जुलैत तेवढाच तांदूळ दुकानातून जास्त पैसे मोजून आणावा लागतो, तोही बहुतेक उधार. आणि आपला जुलै कसा असतो ते मी सांगायला नको. २००५ साली दासगावावर दरड आली, २०२१ साली २२ जुलैला महाडात पाणी भरलं. अशा वेळी दुकान आठ-आठ दिवस उघडत नाही. माळ्यावर जे असेल ते खायचं. म्हणून आपल्या आज्या बेगमी हा शब्द फार गंभीरपणे वापरायच्या.

मग पाहुण्यांना काय वाढायचं? जे घरात आहे ते, आणि ते नीट करून. शहरातल्या माणसाला तिथे मिळत नाही असं आपल्याकडे पुष्कळ आहे. आपल्यालाच त्याची लाज वाटते, हा खरा घोळ आहे.

पहिलं नाव कडव्या वालाचं. पावशेर वाल फुगून दुपटीहून जास्त होतात, आठ माणसांना पोटभर बिरडं होतं. रात्री भिजवा, सकाळी पाणी उपसून फडक्यात घट्ट बांधा. थंडीत मोड यायला वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवा. मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोला. सोलायला पाहुण्यांना बसवा, अगदी जावईबापूंनासुद्धा. गप्पांत अर्ध्या तासात होतात. तेलात मोहरी, हिंग, हळद, कांदा-लसूण परतून वाल घाला, तिखट-मीठ घाला, झाकणावर पाणी ठेवून मंद शिजवा. शेवटी दोन आमसुलं, गुळाचा खडा, मूठभर ओलं खोबरं. फार ढवळू नका, मोडतात. सोबत तांदळाची भाकरी आणि भाजलेली सुकट. या जेवणात विकतचं म्हणाल तर तेल, मीठ, मसाला आणि सुकट.

दुसरी पोपटी. शेतात वालाच्या शेंगा भरू लागल्या असतील तर संध्याकाळचा स्वयंपाकच करू नका. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घाला. वर शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा असे थर लावा आणि तोंडही पाल्यानेच घट्ट बंद करा. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-गवऱ्यांचा जाळ करा. अर्ध्या-पाऊण तासात होते. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही, घासायला भांडी नाहीत. कोंबडी घालायचीच असेल तर एकीचे लहान तुकडे करून, मसाला लावून पाल्यात गुंडाळून घाला. रश्शाला दोन लागतात तिथे पोपटीत एक पुरते, कारण शेंगा खाऊनच माणसं निम्मी भरतात.

आता केक. पोरं मागणारच. ‘मामी, केक कुठाय?’ असं भाच्याने विचारलं की आपल्याला उगाच कानकोंडं होतं. अगं, आपल्या कोकणात धोंडस आहे की! पावसाळ्यातलं पिकलेलं तवसं कुणी आढ्याला टांगून ठेवलं असेल तर आताही निघेल. नसेल तर लाल भोपळा घ्या. दोन वाट्या कीस, दोन वाट्या भाजलेला तांदळाचा रवा, दीड वाटी गूळ, अर्धी वाटी खोबरं, चिमूट मीठ, वेलची किंवा सुंठ. तवशाला पाणी सुटतं, भोपळ्याला सुटत नाही, म्हणून भोपळा घेतलात तर वाटीभर गरम पाणी घाला. गूळ विरघळेपर्यंत कीस शिजवा, रवा घालून घट्ट होईपर्यंत ढवळा. मग तेल लावलेल्या जाड पातेल्यात थापा. खाली मंद निखारे, झाकणावर निखारे, पाऊण तास हात लावू नका. कडा सुटल्या की झालं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, नाहीतर चुरा होतो.

आणि नाताळचा खरा फराळही घरचाच असतो बरं का. आपल्याच जिल्ह्यात मुरुड तालुक्यात कोर्लई गाव आहे. तिथली ख्रिस्ती मंडळी शेकडो वर्षं तिथली आहेत, त्यांच्या बोलीत पोर्तुगीज मिसळलेलं आहे. तिकडे वसईचे ख्रिस्ती आहेत, खाली गोवा आहे. गोव्यात नाताळच्या फराळाला कुस्वार म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुल असतात. पिठाची गोळी फणीच्या दात्यांवर दाबून वळायची, शिंपल्यासारखी दिसते, मग तळायची. घरातल्या आणि शेजारच्या बायका, पोरं एकत्र बसून वळतात आणि नाताळात शेजाऱ्यांकडे ताट जातं. जुनी रीत अशी की नाताळाच्या आधीचे चार आठवडे, त्यांचा आगमनकाळ, साधेपणाने काढायचे. डिसेंबर उजाडल्यापासून चाललेली रोषणाई आणि खरेदी ही बाजाराने नंतर घातलेली भर.

इथे मला २५ डिसेंबरची दुसरी गोष्ट सांगायची आहे, कारण ती आपल्या दासगावच्या बंदरातून सुरू होते आणि तीही सामानाचीच आहे.

१९२७ साल. मार्चमध्ये महाडला परिषद झाली तेव्हा चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्यांना बंद होतं, म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तेव्हाचे चाळीस रुपये, आणि तळं समोर! २० मार्चला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्याली. त्यानंतर गावात अफवा उठली आणि मंडपावर हल्ला झाला. माणसं जेवत होती. अन्न मातीत गेलं, भांडी फोडली. कितीदा ऐकलं तरी मी या ठिकाणी थांबते, कारण शिजवलेलं अन्न मातीत जाणं काय असतं ते आपल्याला कळतं.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे या सगळ्या जुळवाजुळवीत पुढे होते. मंडपाला जागा कुणी देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. महाडचे व्यापारी सामान विकेनात. हजारो माणसं यायची आणि तांदूळ, डाळ, मीठ, मिरची काही मिळायचं नाही. तेव्हा बाहेरगावांहून धान्य-सामान आधीच आणून साठवून ठेवलं. २५ डिसेंबरला दुपारी बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडपर्यंत सगळे चालत गेले, पाचेक मैल. त्या रात्री मनुस्मृती जाळली. म्हणून आज पुष्कळ संघटना हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. कोर्टाच्या मनाईमुळे तळ्यावरचा सत्याग्रह मात्र तेव्हा पुढे ढकलावा लागला.

आता बघा, त्या तीन दिवसांत बाहेरून आणलेलं सामान नसतं तर काय झालं असतं? दुकानदारांनी फक्त फळ्या लावल्या असत्या आणि परिषद उपाशी परत गेली असती. ज्याच्या हातात तुमचं किराणा, त्याच्या हातात तुमचं तोंड. आपल्यावर आज तसा बहिष्कार नाही. पण दुकानाची वही भरलेली असली की भाव विचारता येत नाही, वजन पुन्हा करायला सांगता येत नाही, गटाच्या मीटिंगमध्ये त्याच्या घरच्या माणसाविरुद्ध बोलता येत नाही. हे मी पाहिलंय आणि तुम्हीही पाहिलंय.

त्याच परिषदेत शेवटी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. जातीची खूण सांगणारे ते जड, ओबडधोबड दागिने अंगावरून उतरवा, लुगडं नीट नेसा, स्वच्छ राहा, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, मुलींना शिकवा. दुसऱ्याच दिवशी बायका वेगळ्या पद्धतीने लुगडं नेसून दिसल्या असं सांगतात. साधं राहा हे सांगणारे खूप असतात, पण कशासाठी राहायचं ते क्वचितच कुणी सांगतं. इथे ते होतं. मान वर करण्यासाठी, आणि पोरीच्या शाळेसाठी.

म्हणून काटकसरीचा विषय निघाला की मी एकच विचारते, काटकसर कुणाच्या ताटातून? पुष्कळ घरांत अंडी सहा असतात, खाणारे सात, आणि सातवी कोण ते सांगायची गरज नाही. पाहुण्यांच्या दिवसांत आपण शेवटी बसतो, तळाचा रस्सा आणि अर्धी भाकरी खातो आणि वर म्हणतो, मला भूकच नव्हती. ही काटकसर नाही, हा उपास आहे, तोही कुठल्या देवाच्या नावाचा नाही. या नाताळात करून बघा. बिरडं उतरवल्या उतरवल्या आपली वाटी आधी काढून झाकून ठेवा. लेकीची, सुनेचीही काढा. सासूबाई काही म्हणाल्या तर त्यांचीही वाटी आधीच काढलेली दाखवा.

बचत करायची जागा ताट नाही, जळण आहे. आत्ता घरोघरी नवा पेंढा आहे. एक मोठी टोपली किंवा खोका घ्या, तळाला आणि कडेने पेंढा घट्ट दाबा, मधे पातेल्याएवढा खड्डा ठेवा. भात चुलीवर पाच मिनिटं खदखदू द्या, झाकण न काढता पातेलं फडक्यात गुंडाळून खड्ड्यात ठेवा, वर जुनी गोधडी दाबा. तासाभरात भात तयार. भिजवलेल्या तूरडाळीला आधी पंधरा मिनिटं उकळी आणि मग दोन तास. मधे उघडून बघायचं नाही, वाफ गेली की सगळं गेलं. भरलेलं पातेलंच नीट शिजतं, तळाशी मूठभर असेल तर नाही. काढल्यावर लगेच वाढा, दिवसभर आत ठेवू नका, डाळ आंबते. पाहुण्यांच्या चार दिवसांत सिलिंडर किती टिकतो ते यंदा बघा आणि मला कळवा.

दुसरी जागा म्हणजे तेल आणि साखर. गटातल्या दहा घरांनी मिळून तेलाचा पंधरा किलोचा डबा आणि साखरेचं पोतं रोखीने घ्यावं, महाडच्या घाऊक दुकानातून. वाटणी वजनकाट्यावर, डोळ्यांनी नाही. अंदाजाने वाटलेल्या तेलावरून मोडलेले गट मला माहीत आहेत. वहीत प्रत्येकीची सही घ्या. पैसे आधी जमा, सामान नंतर. आपल्यातच उधारी सुरू झाली तर दुकानाची वही बदलून गटाची वही झाली, एवढंच.

कोणी म्हणेल, नणंदबाई वर्षातून एकदा येते, तिला काय सुकट-भाकरी? मी म्हणते, तिलाच विचारा. फोन करून विचारा, वन्सं, काय खावंसं वाटतंय? बहुतेक वेळा उत्तर कुळथाचं पिठलं किंवा बिरडं असंच येतं. आईच्या हातचं काहीतरी हवं असतं तिला. केक ती रोज गल्लीत बघते.

आज बावीस तारीख. बिरडं पंचवीसला करायचं तर वाल उद्या रात्री भिजत घाला, चोवीसच्या सकाळी बांधा. पंचवीसला सकाळी सोलायला येतील. खडे आधी निवडून घ्या, आणि चाखून बघा, जुने वाल फार कडू असतील तर भिजवलेलं पाणी दोनदा बदला.