परदेशांतली सहामाही आणि गरिबाचें पोर
(गांवच्या पालकसभेंत एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



विषय ऐकून मागच्या ओळींत कांहीं जण हंसले, तें मी पाहिलें. ज्याच्या घरीं खताच्या गोणीची उधारी फिटली नाहीं, त्याला मास्तर परदेशच्या शिक्षणाच्या गोष्टी सांगतो! पण कायमचें देशांतर करण्याविषयीं मी बोलत नाहीं. बी. ए., बी. एस्सी. शिकणारें पोर आपल्याच कॉलेजांत नांव कायम ठेवून एक सहामाही किंवा एक वर्ष परदेशच्या विद्यापीठांत शिकतें आणि परत येतें, त्याविषयीं बोलतों आहें.

युरोपांत हें काम १९८७ सालापासून चालू आहे. त्याला इरॅस्मस योजना म्हणतात. पहिल्या वर्षीं अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. ही योजना उभी राहिली त्यांत एका बाईच्या रागाचा मोठा वाटा आहे. रोमची सोफिया कोराडी ही कायद्याची विद्यार्थिनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत शिकली. १९५८ सालीं ती तिकडची पदवी घेऊन परतली, तर रोमच्या विद्यापीठानें तें शिक्षण हिशेबांत धरण्यास साफ नकार दिला. म्हणजे शेत नांगरलें, पेरलें, पीक आलें, आणि तलाठी म्हणतो, सात-बाऱ्यावर नोंद होणार नाहीं! बाई गप्प बसली नाहीं. वर्षानुवर्षें लिहीत राहिली, अधिकाऱ्यांच्या मागें लागली. लोक तिला पुढें ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणूं लागले.

म्हणून या योजनेंत जाण्याआधींच लेखी करार होतो. कोणते विषय शिकायचे, त्यांचे किती क्रेडिट घरच्या पदवींत धरायचे, त्यावर दोन्ही विद्यापीठांच्या आणि विद्यार्थ्याच्या सह्या होतात. तिकडचें विद्यापीठ शिकवणीची फी घेत नाहीं. राहण्याखाण्याला दरमहा रक्कम मिळते, आणि ती त्या देशाच्या महागाईप्रमाणें कमीजास्त असते. तरीहि ऐपतदारांचींच मुलें अधिक जातात असें दिसून आलें. गरीब घरच्या विद्यार्थ्याला महिना २५० युरो जास्त देण्याची तरतूद आतां आहे. अमेरिकेंत २००१ सालापासून गिलमन शिष्यवृत्ति आहे. गरजू पदवी-विद्यार्थ्यांना तेथें पेल नांवाची सरकारी मदत मिळते. ती ज्याला मिळते, त्यालाच ही शिष्यवृत्ति, ५,००० डॉलरपर्यंत. श्रीमंताच्या पोरानें अर्ज केला तरी उपयोग नाहीं. मला हा नियम फार आवडला.

आपल्याकडचा दाखला सर्वांस ठाऊक आहे. याच कोलंबियांत १९१३ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले, तें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षें. ते तेव्हां बी. ए. झालेले होते. पुढें लंडनला शिकत असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. सिडनहॅम कॉलेजांत शिकवून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनीं हातभार लावला, तेव्हां १९२० सालीं पुन्हा जातां आलें. मुदत संपली म्हणून विद्यार्थ्याची बुद्धि संपत नाहीं, पण खोलीचें भाडेंहि थांबत नाहीं.

आज केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ति आहे, आपल्या राज्याची राजर्षि शाहू महाराज शिष्यवृत्ति आहे. दोन्ही पदवीनंतरच्या शिक्षणाला. पदवी चालू असतां एका सहामाहीपुरतें जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाहीं. त्याचा मार्ग त्याच्या कॉलेजाच्या करारांतून जातो. इरॅस्मसमधूनहि भारतांतले विद्यार्थी जातात, पण दोन विद्यापीठांत करार असेल तरच. तो कोठें आहे हें कॉलेजांत जाऊन विचारावें लागतें, आणि आपलीं पोरें नेमकीं तेथेंच बुजतात.

आमच्या शाळेंतून गेलेली एका सुताराची मुलगी अशा निवडींत पहिली आली होती. कॉलेजाचें नांव घेत नाहीं. तिकीट, व्हिसाची फी, विमा हें सगळें आधीं घरचें घाला, पावत्या आणा, परत आल्यावर पैसे देऊं, असें तिला सांगितलें. बाप माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, पैसे बुडणार नाहींत हें कळतंय. पण आज आणूं कुठनं?” सावकाराचें व्याज त्यानें बोटांवर मोजलें आणि उठला. तिच्या जागीं दुसरी मुलगी गेली. पावतीवर पैसे देणारी शिष्यवृत्ति, ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याचीच सोय करते.

तेव्हां माझी मागणी कॉलेजाकडे आहे तशी आपल्याकडेहि आहे. पोराला कॉलेजांत घालतांना एवढें विचारा, कीं परदेशीं केलेली सहामाही पदवींत धरतां का, आणि तें लिहून देतां का? २०२२ सालच्या युजीसीच्या नियमांप्रमाणें, करार असलेल्या जोड-अभ्यासक्रमांत परदेशीं मिळवलेले क्रेडिट तीस टक्क्यांपर्यंत धरतां येतात. साहेब “नियम नाहीं” म्हणाले तर हा नियम दाखवा.

दुसरें गांवाचें. आपली पतसंस्था बैलाला, मोटारीला, लग्नाला कर्ज देते. मग मंजुरीचें पत्र हातांत असलेल्या पोराला तिकिटापुरती बिनव्याजी उचल कां देऊं नये? शिष्यवृत्तीची रक्कम आली कीं परस्पर संस्थेंत जमा व्हावी. चेअरमन समोरच बसले आहेत. येत्या वार्षिक सभेंत हा ठराव मी मांडणार आहें. अनुमोदनाला दोघेतिघे आतांच नांव देऊन जा.