साहेबाचा कोट कोणी शिवला?

(शिवणकाम करणाऱ्या आणि संघटनेचे काम करणाऱ्या मैत्रिणींच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



लष्करी अधिकाऱ्यांचे गणवेश हा विषय आपल्या अभ्यासवर्गात कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहीजणींना पडला असेल. तोफा, पदके, संचलन हा पुरुषांचा प्रांत. शिवाय आपल्यातल्या अनेकजणी युद्धाच्याच विरोधात उभ्या राहिलेल्या. तरी मी हा विषय घेतला, कारण लष्करी अधिकाऱ्याचा कोट हे शिवणकामातले फार मानाचे काम समजले गेले. जिथे मान असतो तिथे वाटणीही असते. कोणते काम कसबाचे आणि कोणते 'बायकी', कोण कारागीर आणि कोण नुसता मदतीचा हात, हे कोणीतरी ठरवत असते. ही ठरवाठरवी कशी होते ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये फार स्पष्ट दिसते. म्हणून आज आपण साहेबाचा एक कोट उसवून बघू या.

आधी एक फरक लक्षात घ्या. ब्रिटिश सैन्यात शिपायाला कपडे मिळत, अधिकाऱ्याला ते स्वतःच्या पैशाने शिवून घ्यावे लागत. १८७१ पर्यंत पायदळ आणि घोडदळातली अधिकारपदेसुद्धा विकत घेता येत, तेव्हा कोट विकत घ्यावा लागे यात नवल नाही. शिपायाच्या कपड्याचा एक नमुना लाखेची मोहोर लावून सरकारदरबारी ठेवलेला असे आणि त्याबरहुकूम हजारो नग तयार होत. अधिकाऱ्यांसाठी पोशाखाचे छापील नियम असत. असे पहिले नियम १८२२ मध्ये निघाले. कॉलर कोणत्या रंगाची, जर किती रुंद, बटणे किती, हे त्यात ठरलेले. पुढचे सारे अधिकाऱ्याच्या शिंप्यावर आणि अधिकाऱ्याच्या खिशावर सोपवलेले.

लाल कोट म्हणजे सगळे एकसारखे लाल, असे आपल्याला वाटते. तसे नव्हते. शिपायाची बनात मंजिष्ठेच्या मुळीने रंगवलेली, विटकरी लाल. अधिकाऱ्याची बनात तलम, आणि तिचा रंग किरमिजी किड्यांपासून काढलेला, झळझळीत. ते वाळवलेले किडे अमेरिका खंडातून येत आणि महाग पडत. म्हणजे दोन माणसे शेजारी उभी राहिली की जातकुळी रंगावरूनच कळत होती. बटणेसुद्धा बोलत. राणीच्या गार्ड पलटणींत ग्रेनेडियरची बटणे एकेकटी, कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या जोडीने, स्कॉट्सची तीन-तीनच्या गटाने. काजाची जागा चुकली तर पलटणच बदलायची!

आता शिवणीकडे येऊ. चांगली बनात मळून, आटवून इतकी घट्ट केलेली असे की कापल्यावर तिचे धागे सुटत नसत. म्हणून कोटाच्या पुष्कळशा कडा दुमडत नसत, कापलेल्या तशाच ठेवत. तुम्ही शिवणाऱ्या आहात, तुम्हाला कळेल याचा अर्थ काय. कात्री सूतभर हलली तर चूक दुमडीत लपवायची सोय नाही. छातीत आत कॅनव्हास, त्यावर कापसाचा किंवा लोकरीचा थर, आणि तो सगळा बारीक हातटाक्यांनी बसवलेला. कॉलर ताठ राहावी म्हणून आतून शेकडो टाके; बाहेरून एकही दिसता कामा नये. साहेबाची रुंद छाती आणि ताठ मान पुष्कळदा साहेबाची नसे, ती शिंप्याने घडवलेली असे. १८२०च्या दशकात तर कोट कमरेला इतके आवळलेले होते की काही अधिकारी आतून कॉर्सेट घालतात म्हणून व्यंगचित्रे निघत. बाईला कमर आवळायला लावणारा समाज रणशूर पुरुषाचीही कमर आवळत होता. फरक इतकाच की त्याला त्याबद्दल नाजूक म्हणत नसत, रुबाबदार म्हणत.

वर जरीकाम. जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. कॉलर, कफ, पदकांचे तारे, सारे या तारेने आणि टिकल्यांनी भरायचे. ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात नौसेनापती नेल्सनचा कोट आहे. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गरच्या लढाईत तो हाच कोट घालून मेला. डाव्या खांद्याशी गोळीचे भोक आहे, ते सगळे पाहतात. पण त्याच कोटाच्या छातीवर चार मानचिन्हे भरतकामाने केलेली आहेत, चांदीची तार आणि टिकल्या लावून. शौर्याची ती खूण सुईने काढलेली आहे. लंडनच्या जरीकामात बायकांचा हात मोठा होता.

मग हा कोट 'शिंप्याचा' कसा झाला? बायका त्यात होत्या, पण कुठे होत्या?

लंडनच्या सॅव्हिल रो भागातल्या नामांकित दुकानांत कापणारा मास्तर पुरुष, आणि कोट शिवणारे कारागीरही पुरुष. आपल्याकडच्या दर्ज्यासारखे फळीवर मांडी घालून बसलेले. अंगरखा म्हणजे कोट त्यांचा. जाकीट, विजार, काजे, अस्तराची तुरपाई ही कामे बायकांकडे जात, पुष्कळदा घरी. कधी कारागिराची बायकोच त्याच्या शेजारी बसून काजे करी आणि मजुरी नवऱ्याच्या नावावर लागे. सुई तीच, दोरा तोच. पण पुरुषाने कोटाला लावलेला टाका हे कसब, आणि बाईने विजारीला लावलेला टाका ही घरकामाची सवय.

ही वाटणी आपोआप झाली असे समजू नका. १८३४ मध्ये लंडनच्या शिंप्यांनी मोठा संप केला. मागण्या काय होत्या? कामाचे तास कमी करा, नगावर मजुरी नको, रोजावर द्या, माल घरी देणे बंद करा. आज आपण घरखेप करणाऱ्या बायकांसाठी बोलतो तेव्हा यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्याही तोंडी असतात. मागण्या रास्त होत्या. पण घरी काम करत होत्या कोण? बहुतेक बायका. त्यांना कारखान्यात आणा, युनियनमध्ये घ्या, आमच्याच दराने मजुरी द्या, असे शिंपी म्हणाले नाहीत. बायकांचे काम बंद व्हावे, एवढेच त्यांना हवे होते. त्या वेळच्या 'पायोनियर' या कामगारांच्या पत्रात बायकांसाठी एक पान असे. त्यात बायकांनी लिहून विचारले की आम्ही कमी दराने काम करतो हा आमचा गुन्हा का, आणि आम्ही पोट कशावर भरायचे? मालकांनी युनियन सोडल्याच्या सहीशिवाय कामावर घेणार नाही अशी अट घातली आणि संप मोडला. त्यानंतर घरी जाणारा माल वाढतच गेला. ज्या बायकांना सोबत घेतले नाही, त्यांच्याच हातून मालकांनी काम करून घेतले. संघटनेत कोणाला बाहेर ठेवले की ती संघटना कुठून फुटते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही.

शिपायांच्या कपड्यांची गोष्ट आणखी वेगळी. १८५४ पर्यंत पलटणीच्या कर्नलला कपड्यांसाठी सरकारकडून ठरावीक रक्कम मिळे आणि खर्च होऊन उरेल ते त्याचे. मग तो ठेका देई, ठेकेदार पोटठेका देई, आणि उतरंडीच्या तळाशी एखाद्या खोलीत मेणबत्तीच्या उजेडात एक बाई विजारी शिवत बसलेली असे. १८४९ मध्ये हेन्री मेह्यू या पत्रकाराने 'मॉर्निंग क्रॉनिकल'साठी अशा बायकांच्या मुलाखती घेतल्या. सैन्याचे, आरमाराचे, पोलिसांचे कपडे शिवणाऱ्या या बायका. दोरा आणि मेणबत्ती त्यांनी आपल्या पैशाने आणायची, ती वजा जाता हातात उरेल त्यात भाडे आणि पाव दोन्ही भागत नसे. काहीजणींनी त्याला सांगितले की नुसत्या सुईवर जगता येत नाही म्हणून देहविक्रय करावा लागतो. राणीच्या सैन्याचे कपडे शिवणाऱ्या बायका होत्या या. म्हणजे छळ करणारा गिऱ्हाईक कोणी लबाड दुकानदार नव्हता, सरकार होते. कर्नलची पद्धत गेल्यावर पुढे सरकारने लंडनमध्ये पिमलिको येथे स्वतःचा कपड्यांचा कारखाना काढला, तिथे शेकडो बायका कामाला लागल्या. पण बाहेरचे ठेके चालूच राहिले.

१८८८ मध्ये बिअॅट्रिस पॉटर, पुढची बिअॅट्रिस वेब, ही सधन घरची मुलगी वेश बदलून पूर्व लंडनच्या शिवणखान्यात विजारी शिवायला गेली. शिवणात तिचा हात अगदी कच्चा होता. ज्या कामाला 'कोणीही करील' म्हणत, ते तिला जमेना! त्याच वर्षी हाऊस ऑफ लॉर्ड्सने या पिळवणुकीच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९०६ मध्ये लंडनला पिळवणुकीच्या धंद्यांचे प्रदर्शन भरले. तिथे वस्तू होत्या, त्या बनवणाऱ्या बायका होत्या आणि त्यांना मिळणारी मजुरीही लिहिलेली होती. १९०९ मध्ये कायदा झाला, चार धंद्यांत किमान मजुरी ठरवायची, त्यात तयार कपड्यांची शिलाई आली. १९१३ पासून दर लागू झाले. आता नीट ऐका. पुरुषाला ताशी सहा पेन्स, बाईला ताशी सव्वातीन पेन्स. लढून मिळवलेल्या कायद्यानेसुद्धा जुनीच वाटणी उचलली आणि तिच्यावर सरकारी शिक्का मारला. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, लाखो गणवेश लागले, आणि पूर्व लंडनमध्ये सिल्व्हिया पँकहर्स्टला सैन्याच्या शिलाईच्या मजुरीसाठी पुन्हा पहिल्यापासून भांडावे लागले.

तोपर्यंत लाल कोट लढाईतून गेला होता. त्याची जागा घेणारा खाकी रंग आपल्या उपखंडातला. १८४०च्या दशकाच्या अखेरीस पेशावरकडे 'गाइड्स' पलटणीसाठी लम्सडेनने मातकट कपडे करून घेतले; खाक म्हणजे माती, धूळ. महायुद्धात अधिकाऱ्यांची हुद्द्याची चिन्हे बाहीच्या कफावर होती, ती लांबून दिसत आणि शत्रूचे नेमबाज आधी त्यांनाच टिपत. म्हणून अनेक अधिकाऱ्यांनी ती खांद्यावर हलवून घेतली, आणि १९२० मध्ये कफावरची चिन्हे बंदच झाली. शिपायापासून वेगळे दिसण्यासाठी जे शतकभर शिवून घेतले, तेच जिवावर उठले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, हिंदुस्थानात स्त्रियांचे सहायक दल उभे राहिले, तेव्हा खाकीची साडीसुद्धा गणवेश झाली. १९४३ मध्ये झाशीची राणी पलटणीत कॅप्टन लक्ष्मी आणि त्यांच्या मुली विजार आणि बूट घालून उभ्या राहिल्या. १९९२ पासून आपल्या भूदलात वैद्यकीय सेवेखेरीज इतर शाखांतही स्त्रिया अधिकारी होऊ लागल्या, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला, आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या दिवशी आपल्यातल्या कोणाला आनंद झाला असेल, कोणाला सैन्याबद्दलचे जुने प्रश्न पडले असतील. दोन्ही आपल्या चळवळीत बसते. माझे म्हणणे एवढेच की गणवेशातल्या मुलीचा फोटो पाहताना गणवेश शिवणारीही आपल्याला दिसली पाहिजे. एकीला दार उघडले म्हणून दुसरीची मजुरी आपोआप वाढत नाही.

आपल्याकडे किमान वेतन ठरवताना कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या करतात. काज-बटण, तुरपाई, धागे कापणे, टिकली लावणे ही कामे कोणत्या पायरीवर बसवतात ते तुम्हाला माहीत आहे. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी करार केला, त्यावर भारताने अजून मोहोर उठवलेली नाही.

तेव्हा या अभ्यासवर्गातून जाताना एक काम घेऊन जाऊ या. आपापल्या वस्तीत शिलाईचे काम करणाऱ्या बायकांबरोबर बसा. एका नगाला किती टाके, किती मिनिटे, दोरा कोणाचा, वीज कोणाची, मशीन कोणाचे, चुकले तर पैसे कोणाचे कापतात, हे लिहून काढा. एखाद्या कामाला 'किरकोळ' म्हणत असतील तर ते शिकायला किती दिवस लागले तेही विचारा. आणि युनियनमधल्या भावांशी बोलायला जाल तेव्हा १८३४ची गोष्ट त्यांना जरूर सांगा. दर मागायचा तर एकच मागू या, कोटाला आणि विजारीला, त्याला आणि तिला. पुढच्या बैठकीला या नोंदी घेऊन या, त्यावरून दरपत्रक करायला बसू.